पंचवीस मोर आणि एक शिक्का

पुराव्यातल्या पंचवीस कागदी चौकोनांना मी डिंक लावला, फुलस्केपवर पाच-पाचच्या ओळीत नीट चिकटवलं आणि रेव्हेन्यू तिकिटावर मारतात तसा सगळ्यांवर ठाण्याचा गोल शिक्का हाणला. चौकोन नखाएवढे, शिक्का तळहाताएवढा. एकेका ठोक्यात तीन-तीन, चार-चार मोर न्हाऊन निघाले. मोर म्हणजे त्या कागदांवर छापलेले मोर. नोकरीच्या चार वर्षांत इतकं देखणं काम माझ्या हातून झालं नव्हतं. आमचे फौजदार हणमंतरावसाहेब म्हणाले, "मारोती, आज तू मुद्देमाल कारकून शोभलास." माझी छाती फुगली. ती कशानं फुगली होती, हे कळायला चार दिवस लागले.

ठाणं नांदेडातलंच. कोणतं ते सांगत नाही. मला अजून तिथंच दिवस काढायचे आहेत.

मामला असा होता. लातुरात क्लासेसला राहिलेल्या सोमेश नावाच्या पोरानं कुणाकडून तरी एक 'स्टॅम्प' घेतला. स्टॅम्प म्हणजे नशेच्या द्रवात बुडवून वाळवलेला कागदाचा चौकोन, जिभेवर ठेवायचा. पोरगं खोलीत ओरडत सुटलं आणि दवाखान्यात गेलं. त्याच्या पाकिटात अर्धा चौकोन सापडला, त्यावर मोराची मान. दोन दिवसांनी आम्हाला टीप आली, की नांदेडात शहेबाज नावाच्या प्रिंटिंगवाल्याकडं मोराचे बारके चौकोन आहेत. धाड टाकली. चौकोन निघाले. शहेबाज शपथा घेऊन सांगत होता, "साहेब, हे अत्तराचे टेस्टर आहेत. निजामोद्दीनमामूच्या दुकानासाठी छापलेत. गिऱ्हाईकाला वास द्यायचा अन् फेकायचं. फाडायची भोकं बी अम्मीच्या शिलाई मशीनवर बिनदोऱ्याची सुई चालवून पाडलीत."

वास येत होता, खोटं कशाला बोलू. पण साहेब म्हणाले, "वास दाबायला अत्तर मारलंय. लातूरचा मोर आणि नांदेडचा मोर वेगळा असतोय का रे?"

मग तपासणीची पेटी निघाली. त्यातल्या बाटलीतला थेंब कागदावर टाकायचा. जांभळा रंग आला की एलएसडी असल्याचा संशय. साहेबांनी माझ्या देखण्या फुलस्केपवरून एक मोर कापला, थेंब टाकला आणि टाकल्या टाकल्या जांभळा! ठाण्यात अक्षरशः टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, जरा जास्तच. लातूरवरून आलेल्या अर्ध्या तुकड्याचा चिमूटभर भाग तपासला, तर तो ढिम्म. "जुना झाला असल," साहेब म्हणाले. शहेबाज कोठडीत गेला. गुन्हा असा, की सिद्ध झाला तर पोराची दहा-वीस वर्षं आतच जायची. वय तेवीस.

सीलबंद पाकीट घेऊन मी प्रयोगशाळेत गेलो, तिथं लुंबिनी खिल्लारे मॅडम भेटल्या. हा सगळा मजकूर खरं तर त्यांच्याबद्दल आहे. मी मधेमधे येतोय तो केवळ गुन्ह्यामुळं.

मॅडम सहायक रासायनिक विश्लेषक. वय एकतीस-बत्तीस. बुटक्या. चष्मा कपाळावर, आणि तो सापडत नाही म्हणून शोधाशोध. बोलणं एकदम कार्यालयीन: 'सदर नमुना', 'प्राप्त झाला', 'नोंद घ्यावी'. पण आतून उत्साह चढला, की ती भाषा गळून पडते आणि त्यांचं गाव, हदगाव, वर येतं. हे मला पहिल्याच दिवशी कळलं, कारण पाकीट उघडून फुलस्केप बघितल्याबरोबर त्या उभ्या राहिल्या.

"हे काय करून ठेवलंय? तिकिटं चिकटवलीत व्हय?"

"हरवू नयेत म्हणून, मॅडम."

"अन् शिक्का?"

"कुणी बदलू नये म्हणून."

"हळदी-कुंकू राहिलंच की मग."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. नमुना असा बिघडलेला आला, की आक्षेपाचं पत्र लावून परत पाठवायचा, ही सगळ्यात सोपी वाट. कुणी नाव ठेवलं नसतं. परत पाठवलं असतं, तर पत्रं ठाणं आणि प्रयोगशाळा यांच्यात फिरत राहिली असती आणि शहेबाज तोवर आत. आठवड्याभरात त्याच्या जामिनाची तारीख होती. मॅडमनी पत्राचा कोरा फॉर्म पुढं ओढला, पेन उचललं आणि मला सहज विचारल्यासारखं विचारलं, "ठाण्यात तपासलं तेव्हा रंग किती वेळानं आला?"

मी अभिमानानं म्हणालो, "लगेच! टाकल्या टाकल्या!"

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"लगेच? हे औषध एलएसडीला भेटलं, तर रंग चढायला जरा दम खातंय, भाऊ. मिनिट, कधी दोन मिनिटं. टाकल्या टाकल्या पळत सुटलं म्हणजे रंग आधीपासूनच तिथं बसलेला होता." मग माझ्या फुलस्केपवर वाकून त्यांनी विचारलं, "तुमच्या शिक्क्याची शाई कुठल्या रंगाची?"

"जांभळी."

"सरकारी?"

इथं मी खोकलो. ठाण्याचं पॅड महिनाभर सुकलेलं होतं, नवीन शाईची मागणी वर गेलेली होती आणि ती वरच राहिली होती. म्हणून मी बाजारातून राणी रंगाची पुडी आणून पाण्यात कालवून पॅडवर ओतली होती. गडद गुलाबी आणि उरलेली जांभळी मिळून सुरेख रंग झाला होता. हे मी मॅडमना सांगितलं. त्यांनी फुलस्केप उजेडाकडं धरून बघितलं. मग म्हणाल्या, "उद्या तुमचा शिक्का घेऊन या. पॅडसकट. आणि उरलेली पुडी."

तोवर त्यांना आक्षेपाच्या पत्राचा विसर पडलेला होता.

त्यांच्या कामाची एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मॅडम कोणताही नमुना तपासताना तो कुणाचा, कुठून आला, आरोपी कोण, हे समोर ठेवत नाहीत. दुसऱ्या कुणाला तरी नळ्यांवर आकडे टाकायला लावतात आणि कोणता आकडा कशाचा याचा कागद बंद पाकिटात ठेवतात. रंग दिसला, की आधी वहीत लिहितात, मगच पाकीट फोडतात. मी विचारलं, हा उपद्व्याप कशाला? तर त्यांनी वडिलांचं सांगितलं.

आनंदराज खिल्लारे हदगावच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, हमाल होते. सोयाबीनच्या सीझनला व्यापारी यंत्रावर ओलावा बघायचा आणि आकडा ओरडायचा; ओलावा जास्त, तर भाव कमी. वडील पोतं उचलायचे आणि ऐकायचे. तेच पोतं वजनदार माणसानं आणलं की ओलावा कमी निघायचा, फाटक्या माणसानं आणलं की जास्त. एकदा त्यांनी मुद्दाम दोघांची पोती अदलाबदल करून यंत्राजवळ ठेवली. आकडे माणसांमागं गेले, पोत्यांमागं नाही. त्या दिवशी वडिलांना कामावरून काढलं आणि घरी येऊन ते सातवीतल्या पोरीला सांगत बसले, कसे हसत हसत त्यांनी पोती बदलली. "काम गेल्याचं दुःख न्हाईच," मॅडम म्हणाल्या, "गडी आठ दिवस खुशीत होता. आई चिडून लाल." मग एम.एस्सी., मग ही नोकरी.

दुसऱ्या दिवशी मी शिक्का, पॅड आणि पुडी घेऊन हजर. आकडे टाकणारा त्यांचा माणूस रजेवर होता. त्यांनी वरिष्ठांची लेखी परवानगी घेतली आणि हातमोजे माझ्यापुढं टाकले.

"घाला."

"मी?"

"रंगवायला तुम्हीच आलात, आता पुसायला बी तुम्हीच."

पाच काचनळ्या. मॅडम पाठ करून खिडकीकडं उभ्या राहिल्या. एकीत खात्रीचं एलएसडी, जे प्रयोगशाळेत तुलनेसाठी कुलपात असतं. दुसरीत कोरा कागद, त्यावर फक्त माझा शिक्का. तिसरीत शहेबाजच्या कागदाचा शिक्का खाल्लेला तुकडा. चौथीत शहेबाजचाच, पण शेवटच्या ओळीतला. ती ओळ मारेपर्यंत माझं पॅड परत सुकलं होतं आणि तिथल्या मोरांवर शाईचा नुसता वास लागला होता. माझ्या आळसानं या खटल्यात केलेली ही एकमेव मदत. पाचवीत लातूरचा अर्धा तुकडा, म्हणजे त्यातला कणभर. मी आकडे टाकले, कागद पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं. शिक्का मारायचा मोह आवरला.

"झालं का हो?"

"झालं."

मॅडम वळल्या. पाचही नळ्यांत थेंब पडले आणि त्यांनी घड्याळ लावलं.

दोन नळ्या थेंबाबरोबर जांभळ्या-गुलाबी झाल्या. दोन तशाच पांढऱ्या. आणि एक, जिच्यात काहीच नव्हतं असं वाटत होतं, ती मिनिटाभरानं हळूच, पहाटे आभाळ उजळतं तशी, जांभळी व्हायला लागली. मॅडम वहीत लिहीत होत्या. "दोन लगेच. एक सावकाश. दोन न्हाईच. फोडा पाकीट! फोडा की!"

फोडलं. सावकाश जांभळी झालेली, खात्रीच्या एलएसडीची. लगेच जांभळ्या झालेल्या दोन, माझा शिक्का आणि शहेबाजचा शिक्केवाला तुकडा. शहेबाजच्या न रंगलेल्या मोरात काही नाही.

"मारोतीभाऊ!" मॅडमनी टेबलावर अशी थाप मारली, की चष्मा कपाळावरून नाकावर आला. "तुमच्या राणी रंगाला अटक केलीय तुम्ही! पोरगा कोठडीत हाय अन् पुडी बाहेर!"

मीही ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावून गेलं. मग माझ्या लक्षात आलं, की मी स्वतःच्या चुकीवर नाचतोय आणि मी हातमोजे काढले.

पण लातूरचा तुकडाही पांढराच राहिला होता. तो तर खरा होता ना? पोरगं दवाखान्यात गेलं होतं. मॅडमना याचं जास्त कुतूहल. "मशीनवर लावते," त्या म्हणाल्या, "पण तोवर तुम्ही लातूरला जबाब घ्यायला जाणारच ना? त्याला तीन गोष्टी विचारा. चव कशी होती. चढायला किती वेळ लागला. अन् काय दिसलं."

"काय दिसलं ते कशाला? ते काय पुराव्यात येतंय?"

"न्हाई येत. मला पायजे."

सोमेश माझ्या गावचा, उमरीचाच निघाला. लातुरात क्लासच्या मागच्या गल्लीत भाड्याच्या खोलीवर आईसोबत बसला होता. आई, तुळजाबाई, दारातच म्हणाल्या, "आता बरा हाय, पण पंख्याकडं टकामका बघायलाय. तुम्ही वरडू नका, साहेब." मला कुणी पहिल्यांदाच साहेब म्हटलं होतं, मी ओरडणं शक्यच नव्हतं.

पोरगं दुसऱ्यांदा परीक्षेला बसणार होतं. कुणीतरी सांगितलं, हे घेतलं की एकाग्रता वाढते, चार तासांचं वाचन एका तासात होतं.

"झालं का?" मी विचारलं.

"झालं की. एक प्रश्न मी तीन वर्षं वाचत होतो."

मला हसू फुटलं, त्यालाही. मग तो सांगायला लागला. उत्तरपत्रिकेवरचे गोल आधी श्वास घ्यायला लागले, मग मुंग्यांसारखे रांगेनं कागदाबाहेर निघाले. पंख्याचा आवाज हिरवा झाला. "हिरवा म्हणजे कसा?" तर त्याला सांगता येईना, म्हणे, ऐकला की हिरवा होता, बस. भिंतीवरचा पोपडा आधी नकाशा झाला, मग नकाशातल्या गावात माणसं चालायला लागली. स्वतःचा हात कुणाचा तरी, लांबचा. "सुरुवातीला लई भारी होतं, दादा. मला वाटलं, आत्तापर्यंत मी डोळ्यावर फडकं बांधून फिरत होतो." मग जबडा आवळला, अंग तापलं, मिनिट संपेचना आणि पोपड्यातली माणसं त्याच्याकडं बघायला लागली. तिथून पुढचं त्याला आठवत नाही. पुढचं तुळजाबाईंना आठवतं आणि त्या ते सांगत नाहीत.

"चव?"

"कडू जहर. जीभ बधिर झाली."

मी खोलीबाहेर येऊन मॅडमना फोन लावला. "कडू," एवढंच म्हणालो. तिकडून लगेच हदगाव: "कडू! आत्ता गावलं बघा!"

खरं एलएसडी कडू नसतं, त्यांनी सांगितलं. मिठाच्या कणाहून कमी लागतं, चव कुठून येणार. एलएसडीच्या नावाखाली दुसरंच कारखान्यातलं रसायन विकतात, पोरं त्याला 'एन-बॉम्ब' म्हणतात. ते कडू, आणि त्याचा घात जास्त: झटके येतात, माणूस जातोसुद्धा. ठाण्याच्या पेटीतलं औषध त्याला ओळखतच नाही. म्हणून खरं विष पांढरं राहिलं आणि माझी शाई लागलेलं अत्तर जांभळं झालं. मशीननंही संध्याकाळपर्यंत तेच दाखवलं. शहेबाजच्या कागदात तर मोगरा निघाला, मोगऱ्याच्या वासाची रसायनं ओळीनं, आणि माझी पुडी.

परतल्यावर मी सोमेशचं सगळं सांगितलं आणि विचारलं, त्याला मुंग्या कशा दिसल्या? मॅडमनी वहीत ते सगळं उतरवून घेतलं होतं, हिरव्या आवाजासकट. "डोळा काय बी आणू दे," त्या म्हणाल्या, "मेंदू चहासारखं गाळून घेतो. ही रसायनं गाळणी ढिली करतात. मग चोथा बी कपात येतो, अन् जे आधी मनात असल ते बी." मग म्हणाल्या, "तुमच्या ठाण्यात सात जणांनी जांभळा बघितला. त्यातल्या एकानं तरी काय खाल्लं होतं का?"

मी टाळ्या वाजवल्या होत्या, तेही जास्त.

अहवाल तारखेच्या आदल्या दिवशी तयार झाला. अडचण एकच: कोऱ्या कागदावरचा शिक्का हा त्याच पॅडचा, त्याच शाईचा, आणि ती शाई कुणी केली, याचा लेखी जबाब लागणार होता. तो जबाब देणारा जगात एकच माणूस होता. हणमंतरावसाहेबांनी मला आत बोलावलं.

"मारोती, शाईत काय कालवलं हे कुणाला कळणार हाय? कागद परत येऊ दे. बघू."

"साहेब, अहवालात आलंय."

"तुझं नाव न्हाई आलेलं."

"तारीख उद्या हाय, साहेब."

साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांना खरंच जांभळा दिसला होता. त्यांनी कोरा कागद पुढं सरकवला. मी लिहिलं: डिंक मी लावला, राणी रंगाची पुडी मी आणली, शिक्का मी मारला. सही करताना वाटलं, वर शिक्काही मारावा. साहेबांनी पॅड उचलून ड्रॉवरमध्ये टाकलं.

कोर्टात वकिलांनी अहवाल वाचला तेव्हा 'राणी रंग' या शब्दाला मागच्या बाकावर खसखस पिकली. शहेबाजची बहीण दिलशाद तिथंच बसली होती, ती हसली नाही. ती शेवटच्या ओळीची वाट बघत होती. शेवटची ओळ: आरोपीकडून जप्त कागदांत कोणताही अमली पदार्थ आढळला नाही. दुपारी शहेबाज बाहेर आला. नऊ दिवस. मी कोर्टाच्या दारात उभा होतो. तोच म्हणाला, "भाई, शिक्के तुम्ही लई सरळ मारले होते. माझ्याकडं छपाईला येता का?"

"शाईचं सोडून काय बी सांगा," मी म्हणालो. दिलशादनं त्याला ओढत नेलं. माझ्याकडं तिनं बघितलं नाही आणि ते बरोबरच होतं.

माझी एक वेतनवाढ वर्षभर थांबली. लातूरच्या पोलिसांनी खरा मोर विकणारा धरला. तो क्लासच्या जाहिराती वाटायचा. सोमेश परत अभ्यासाला लागलाय. साहेब आता थेंब टाकला, की हातातलं घड्याळ बघत बसतात आणि कुणी आधी बोललं तर खेकसतात.

शहेबाज मॅडमना भेटायला अत्तराची कुपी घेऊन गेला होता. त्यांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. "मी तुम्हाला ओळखत न्हाई," म्हणाल्या, "मी चार नंबरची नळी ओळखते." त्याला ते लागलं. मी त्याला बाहेर चहा पाजून आनंदराज खिल्लाऱ्यांची पोत्यांची गोष्ट सांगितली, तेव्हा कुठं तो हसला.

मला मात्र त्यांनी कामाला लावलं. कोणत्या ठाण्याच्या शाईत काय कालवलेलं असतं, याचा भरवसा नाही. म्हणून जिल्ह्यातल्या प्रत्येक ठाण्याचा शिक्का कोऱ्या कागदावर मारून आणून द्यायचा, म्हणजे पुढच्या वेळी तुलनेला हाताशी राहील. मी जोरात हो म्हणालो. हदगावचा दिला, उमरीचा दिला, बाकीचेही दिले. परवा प्रयोगशाळेत गेलो तर चष्मा शोधता शोधता त्यांनी विचारलं, "हिमायतनगर?"

"आणतो, मॅडम. पुढच्या आठवड्यात."

"मागच्या आठवड्यात बी हेच म्हणलात."

त्यांच्या फाईलमध्ये एक पान कोरं लावलेलं आहे, वर पेन्सिलनं 'हिमायतनगर' आणि खाली माझं नाव. तो शिक्का मारून द्यायचा अजून राहिलाय.